एएमसी (वार्षिक मेंटेनन्स करार) रिन्यूअलचा दहा वर्षांचा हिशेब तुम्ही कसा ठेवता?

वाळूजचा हिशेबनीस (२ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०)

मंडळी, वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. "ह्याला कॉम्प्युटर कळतंय" या आरोपाखाली आयटीपण माझ्याच गळ्यात आहे. माणसं साठेक. मशिनिंगच्या प्रोग्रॅमसाठी २०१४ साली एक कॅम सॉफ्टवेअर घेतलं होतं. कुठलं ते लिहीत नाही, विनाकारण वाद नको. चार सीट (एका वेळी एका माणसानं वापरायचं लायसन्स म्हणजे एक सीट), प्रत्येकी १,४०,०००. पहिलं वर्ष मेंटेनन्स त्यातच होता, पुढं दर २० ऑगस्टला रिन्यूअल.

परवा यंदाचं कोटेशन आलं. २,५६,६५० रुपये, जीएसटी धरून. मालकांनी मला कपाटातनं २०१५ चं पहिलं रिन्यूअल बिल काढायला लावलं. त्यावर आकडा १,१४,९१२. "दहा वर्षांत सव्वादोन पट. सॉफ्टवेअर तेच, मशिनी त्याच. तू काय बघत होतास?"

खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं. मी दरवर्षी नवं बिल मागच्या बिलाशी ताडून बघतो. वाढ दिसली की फोन लावतो, पलीकडचा "सर, कंपनीनंच वाढवलंय" म्हणतो, आणि मी पैसे सोडतो. दहा वर्षं एका रांगेत मांडून कधी बघितलीच नाहीत.

आज शनिवारची सुट्टी घालवून बँकेच्या स्टेटमेंटवरनं आकडे काढले तर ते कशालाच जुळेनात. २०१९ ला बँकेतनं १,५९,३०० गेले, २०२२ ला १,९१,४००. मधे २०२० ला शून्य आणि २०२१ ला एकदम पावणेचार लाखांच्या वर. (२०२० ला लॉकडाऊनमुळं रिन्यूअल राहिलं होतं, त्याचं प्रायश्चित्त २०२१ ला.) यावरनं दर किती वाढला हे कसं सांगायचं?

तुमच्याकडं काय पद्धत आहे? वही, एक्सेल, टॅलीत वेगळं कॉस्ट सेंटर? आणि तुलना नक्की कोणत्या आकड्याची करायची? २० तारीख पोळ्याच्या तोंडावर येतीय, त्याआधी मालकांना काहीतरी दाखवायचंय.

आडतकट्टा (२ ऑगस्ट, रात्री १०.१५)

दादा, आमच्याकडं लातूरला दुकानात टॅली सोडलं तर सॉफ्टवेअर मनायसारखं काय न्हाई. पण तुमचं वाचून म्या बी फायल काढली. सिल्व्हर लायसन्स १८,००० ला होतं तवा टीएसएसचं, मंजे टॅलीच्या अपडेट-सपोर्टचं, रिन्यूअल ३,६०० होतं, जीएसटी धरून ४,२४८. आता लायसन्स २२,५०० आन् रिन्यूअल ४,५००, जीएसटी धरून ५,३१०. दोन्ही टायमाला बरोबर पाचवा हिस्सा!

म्या लायसन्स जुन्याच भावात घेतलंय. मंग मला नव्या भावाचा पाचवा हिस्सा कामून? सोयाबीन मागच्या साली घेतलं आन् हमाली यंदाच्या भावावर मागालेत, तसलं वाटालंय हे.

मधी एकदा रिन्यूअल केलं न्हवतं. टॅली चालूच राहतंय की, बंद पडत न्हाई. पण अपडेट थांबतेत. ऑगस्ट २०२३ ला ५ कोटीच्या उलाढालीवर ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं तवा गपगुमान भरलं.

डीलरबुवा (३ ऑगस्ट, सकाळी ८.०५)

आडतकट्टा, तुमच्या त्या एका प्रश्नात सगळं आलं. मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, लातूर-नांदेड पट्ट्यात पंधराएक वर्षं सॉफ्टवेअर विकतोय, तेव्हा शिव्या खायच्या तयारीनंच लिहितो.

बहुतेक करारांत मेंटेनन्स हा लायसन्सच्या किमतीच्या अमुक टक्के असतो. साधारण १५ ते २२ च्या दरम्यान. पण कुठल्या किमतीच्या? तुम्ही मोजलेल्या, का आज चालू असलेल्या? मोठ्या कंपन्यांचं गणित बऱ्याचदा पहिल्या प्रकारचं असतं: तुम्ही मोजलेल्या निव्वळ किमतीवर टक्के, आणि त्यावर दरवर्षी थोडी वाढ. लहान पॅकेजवाले सर्रास दुसऱ्या प्रकारानं जातात. तिथं तुम्ही घासाघीस करून २० टक्के सूट मिळवली असली तरी रिन्यूअल पूर्ण छापील भावावर लागतं. पहिल्या दिवशी मिळालेली सूट दुसऱ्या वर्षापासून गायब.

हिशेबनीस साहेब, २०१४ चा मूळ करार काढा. त्यात "प्रचलित" किंवा "चालू दरपत्रकानुसार" असला शब्द आहे का बघा. आणि आज नवी सीट घ्यायची तर भाव काय, ते वेगळ्या ईमेलवर मागवा. दोन मिनिटांत कळेल.

अजून एक. रिन्यूअलमधे आम्हाला फार सुटत नाही, दर कमी करायची किल्ली आमच्याकडं नसतेच. पण कंपनीकडं मागायला आम्हाला कारण लागतं. "मालक चिडलेत" हे कारण नव्हे. "तीन वर्षांचा करार देतो" हे कारण आहे.

लेखापरीक्षक परभणी (३ ऑगस्ट, सकाळी ११.३०)

हिशेबनीस, बँक स्टेटमेंटवरून दर शोधणं ही मूळ चूक. बँकेतून जाते ती रक्कम म्हणजे मूळ किंमत अधिक कर वजा टीडीएस (विक्रेत्याच्या पैशातून कापून तुम्ही सरकारला भरता तो आयकर). तिन्ही आकडे वेगवेगळ्या कारणांनी हलतात.

तुमचेच आकडे घ्या. २०१९ चे १,५९,३०० म्हणजे माझ्या अंदाजानं मूळ १,४७,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २६,५५०, आणि तुम्ही आयकराच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापलाय, १४,७५०. बरोबर? एप्रिल २०२० पासून तांत्रिक सेवांवरचा दर २ टक्के झाला. (काहीजण एएमसीला १९४सी लावतात, तो वाद इथं नको.) म्हणजे २०२२ चे १,९१,४०० हे १,६५,००० अधिक २९,७०० वजा ३,३००. बँक म्हणते वाढ २० टक्के, बिल म्हणतं १२. मधला फरक विक्रेत्यानं घेतलेला नाही, तुम्ही सरकारला कमी भरलात तो त्याला थेट गेला, इतकंच.

कराचंही तसंच. २०१५ च्या बिलावर सेवाकर १४ टक्के असेल, २०१६ च्या ऑगस्टात १५, जुलै २०१७ पासून जीएसटी १८. तुमचा कारखाना इनपुट क्रेडिट घेतो, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या देय करातून वळता करतो, तेव्हा हा कर तुमचा खर्चच नाही. तुलना फक्त मूळ रकमेची करा, आणि तीही "प्रति सीट".

खतावणीवरूनही काढू नका. तुमचं वर्ष ऑगस्ट ते ऑगस्ट, सरकारचं एप्रिल ते मार्च. दरवर्षी एक तुकडा पुढच्या वर्षात जातो. काही वर्षी अकाउंटंट तो आगाऊ खर्चात टाकतो, काही वर्षी विसरतो, आणि मग खर्च आपोआप खाली-वर दिसतो.

वाळूजचा हिशेबनीस (३ ऑगस्ट, रात्री ११.५०)

सीए साहेब, साष्टांग नमस्कार. १४,७५० अगदी बरोबर. आज रविवारी कारखान्यात जाऊन फायली उपसल्या. २०१७ चं बिल सापडेना, शेवटी ते जीएसटी नोंदणीच्या फायलीत निघालं. आता फक्त मूळ रक्कम, कर सोडून:

२०१५: ४ सीट, दर २५,२००, एकूण १,००,८००
२०१६: ४ सीट, दर २५,२००, एकूण १,००,८००
२०१७: ४ सीट, दर २६,५००, एकूण १,०६,०००
२०१८: ५ सीट, दर २८,०००, एकूण १,४०,०००
२०१९: ५ सीट, दर २९,५००, एकूण १,४७,५००
२०२०: रिन्यूअल नाही
२०२१: ५ सीट, दर ३१,५००, एकूण १,५७,५००, शिवाय हुकलेल्या वर्षाचे १,४७,५०० आणि त्यावर २० टक्के दंड २९,५००
२०२२: ५ सीट, दर ३३,०००, एकूण १,६५,०००
२०२३: ५ सीट, दर ३६,०००, एकूण १,८०,०००
२०२४: ५ सीट, दर ३९,५००, एकूण १,९७,५००
२०२५ कोटेशन: ५ सीट, दर ४३,५००, एकूण २,१७,५००

२०१८ ला एक सीट वाढली हे मी साफ विसरलो होतो. मालकपण विसरले होते, सही त्यांचीच आहे!

म्हणजे सव्वादोन पटीत कर आहे, वाढीव सीट आहे. खरा दर २५,२०० चा ४३,५०० झाला, दहा वर्षांत ७३ टक्के. सरासरी काढली तर वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. हे ऐकून मला जरा हायसं वाटलं. महागाई एवढी तर आहेच की.

डीलर साहेब, करारपण सापडला. चौथं पान, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि डागाच्या बरोबर आत: "प्रचलित विक्री किमतीच्या १८ टक्के." २०१४ ला १,४०,००० चे १८ टक्के म्हणजे २५,२००. नव्या सीटचा आजचा भाव २,४१,५०० सांगितला, त्याचे ४३,४७०. तुम्ही म्हणालात ते तंतोतंत.

लेखापरीक्षक परभणी (४ ऑगस्ट, सकाळी ७.५५)

हायसं वाटून घेऊ नका इतक्यात. सरासरी साडेपाच कशी झाली ते बघा. २०१५ ते २०२२ वर्षाला चार टक्क्यांच्याही आत. आणि शेवटची तीन वर्षं? ९.१, ९.७, १०.१. पहिल्या सात वर्षांच्या गारव्यात शेवटची तीन वर्षं लपलीत. मालकांपुढं सरासरी ठेवाल तर विक्रेत्याचीच वकिली कराल.

जालना रोलिंग (४ ऑगस्ट, दुपारी १.१०)

बिलं ज्यांची डॉलरवर ठरतात त्यांनी अजून एक रकाना वाढवावा, त्या दिवशीचा विनिमय दर. २०१५ च्या ऑगस्टात डॉलर ६५ च्या आसपास होता, २०२० ला ७४-७५, आज ८७ च्या पुढं. हजार डॉलरचं रिन्यूअल कंपनीनं एक सेंटही न वाढवता ६५,००० चं ८७,००० होतं. आमच्या स्टीलवाल्यांना भंगाराच्या आयातीमुळं हे गणित पाठ असतं, पण सॉफ्टवेअरच्या बिलावर ते कुणी लावत नाही. विक्रेत्याशी भांडताना "रुपया पडला त्याचं मान्य, वरच्या चार टक्क्यांचं बोला" असं म्हणता आलं पाहिजे.

मोठ्या ईआरपीचं, म्हणजे अख्ख्या कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सांगतो. सॅपचा एंटरप्राइज सपोर्ट लायसन्स किमतीच्या २२ टक्के, स्टँडर्ड १९. ओरॅकलपण २२. म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत तुम्ही सॉफ्टवेअर परत एकदा विकत घेतलेलं असतं. आणि मधे सोडून परत यायचं म्हटलं तर ओरॅकल मागची थकबाकी दीडपट दरानं मागतं. तुमचा २० टक्के दंड त्यामानानं सोयऱ्यातला म्हणायचा.

गोदाकाठ (४ ऑगस्ट, दुपारी ३.४५)

एवढा कीस कशाला पाडताय? सॉफ्टवेअर तुमचं आहे ना, कायमचं? मेंटेनन्स बंद करा आणि आहे ते वापरा. २०१४ ची मशीन २०१४ चाच प्रोग्रॅम मागते. आमच्या पैठणच्या वर्कशॉपला पाच वर्षं एक पैसा दिला नाही, गोदावरी वाहायची थांबली नाही.

कॅडमास्तर नांदेड (४ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०)

गोदाकाठ, तुमच्या वर्कशॉपात विंडोज कोणती आहे? दहा असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपतोय. नवा संगणक आला की अकरा येणार, आणि पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती अकरावर, नव्या ग्राफिक कार्डावर नीट चालेल याची हमी कुणी देत नाही. शिवाय गिऱ्हाईक फाईल पाठवतं ती नव्या आवृत्तीतली. ती उघडली नाही तर काम शेजारच्या गाळ्यात जातं. मेंटेनन्स सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण ही किंमत त्याच वहीत लिहा.

आणि "कायमचं" या शब्दावर फार विसंबू नका. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनं सुट्या सॉफ्टवेअरची कायमची लायसन्स विकणं ३१ जानेवारी २०१६ ला थांबवलं. जुन्या लोकांना मेंटेनन्स प्लॅनवर राहता येत होतं, पण त्याचे दर २०१७ ला ५, २०१८ ला १० आणि २०१९ ला २० टक्क्यांनी वाढणार हे त्यांनी आधीच जाहीर केलं. २०२१ ला तो प्लॅनच बंद. मी विद्यार्थ्यांना हे तीन आकडे फळ्यावर लिहून दाखवतो. ५, १०, २०. दर असा चढायला लागला की कंपनीला तुम्ही त्या जिन्यावर नको आहात, वर्गणीच्या लिफ्टमधे हवे आहात.

हिशेबनीस, तुमचे ९.१, ९.७, १०.१ मला त्या दृष्टीनं बघावेसे वाटतात. सरळ विचारा, वर्गणीची योजना येतीय का म्हणून.

पतपेढीवाला अंबाजोगाई (४ ऑगस्ट, रात्री १०.३०)

सीए साहेबांचा "कर धरूच नका" हा नियम आमच्यासारख्यांना लागू होत नाही, म्हणून लिहितोय. पतसंस्थेचं उत्पन्न व्याजाचं, त्यावर जीएसटी नाही, मग क्रेडिट पुरतं मिळत नाही. १५ चे १८ टक्के झाले तेव्हा तीन टक्के आमच्या खिशातनंच गेले. त्यामुळं आमच्या वहीत दोन रकाने: करासह आणि कराशिवाय. विक्रेत्याशी भांडायला एक, सभासदांना सांगायला दुसरा.

२०१६ ची गोष्ट सांगतो. दुष्काळाचं साल. तिकडं लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी येत होतं, इकडं आमची वसुली पार बसलेली. संचालक मंडळात ठरलं की कोअर बँकिंगची एएमसी सहा महिने पुढं ढकलू, सॉफ्टवेअर काय पळून जातंय का. नाही पळालं. पण पुढच्या मार्चअखेरीला व्याज आकारणीच्या प्रोग्रॅममधे घोळ निघाला, आणि फोन उचलणारा म्हणाला, "साहेब, तुमचा करार चालू दिसत नाही." ३१ मार्चच्या रात्री दहा वाजता. आम्ही तीन कारकून आणि मी, साडेआठशे कर्जखात्यांचं व्याज हातानं ताडत बसलो. चहावाल्याला दोनदा दुकान उघडायला लावलं. त्यानंतर मी एएमसी कधी लांबवली नाही, पण प्रत्येक ओळ मोजायला मात्र शिकलो.

त्यात काय निघालं सांगू? आमचं बिल शाखेमागं असतं. दोन शाखा एकात विलीन होऊन चार वर्षं झाली होती आणि बिल सात शाखांचंच येत होतं. विक्रेत्यानं लबाडी केली असं नाही. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सर्वसाधारण सभेत एका म्हाताऱ्या सभासदानं अहवाल हातात धरून विचारलं, "शाखा सहा, अन् हे बिल सातचं कसं?" मी मॅनेजर, आणि मला तिथं उभं राहून घाम फुटला.

हिशेबनीस दादा, तुमच्या पाच सीट आहेत म्हणता. पाच माणसं बसतात का त्यावर? एकदा उठून मोजून या.

पगारपत्रक ताई (५ ऑगस्ट, सकाळी १०.००)

मी चिकलठाण्याला एचआरमधे आहे, पेरोल सॉफ्टवेअरचं रिन्यूअल माझ्याकडं असतं. वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक वेगळाच घोळ सांगते. २०२३ ला शहराचं नाव बदललं. विक्रेत्याच्या नव्या माणसानं "छत्रपती संभाजीनगर" नावानं आमचं नवीन ग्राहक खातं उघडलं, जुनं "औरंगाबाद" वालं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी दोन रिन्यूअल नोटिसा आल्या, महिन्याच्या अंतरानं. एक भरली होती, दुसरीपण भरणारच होते मी, कारण पत्ता बरोबर, रक्कम बरोबर, कंपनीचं नाव बरोबर. सिरीयल नंबर ताडला म्हणून वाचले.

तेव्हापासून माझ्या एक्सेलची पहिली ओळख म्हणजे सिरीयल नंबर. नाव, पत्ता, विक्रेता सगळं बदलतं. धाराशिवच्या मैत्रिणीलापण हेच सांगितलंय.

आणि रिमाइंडर कुणाच्या ईमेलवर येतो ते बघा. आमचा दोन वर्षं नोकरी सोडून गेलेल्या सरांच्या पत्त्यावर जात होता. आता renewal... सॉरी, कीबोर्डची भाषा बदलायची राहिली. रिन्यूअलसाठी वेगळा पत्ता काढलाय, माणसाच्या नावाचा नाही.

वाळूजचा हिशेबनीस (६ ऑगस्ट, रात्री ९.१५)

पतपेढीवाले काका, तुमच्या शेवटच्या ओळीनं झोप उडवली.

काल डबा खाऊन झाल्यावर प्रोग्रॅमिंगच्या खोलीत गेलो. टेबलं चार. चार संगणकांच्या मागं चार हिरवे डाँगल (लायसन्ससाठी संगणकाला लावायची चावी). पाचवा कुठंय विचारलं तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी टूल रूमच्या ड्रॉवरमधे, पेढ्याच्या जुन्या डब्यात निघाला. त्याला रबर गुंडाळलेलं, आणि रबर इतकं वाळलेलं की हात लावताच तुटलं. सोबत एक तुटकी कॅलिपर आणि दोन बिनकामाच्या किल्ल्या.

ती सीट हिंगोलीकडच्या एका पोरासाठी घेतली होती. २०२० च्या लॉकडाऊनमधे तो गावाकडं गेला तो परत आलाच नाही, हळदीची शेती बघतो म्हणे. त्याचं मशीनवरचं काम बाकीच्या चौघांनी वाटून घेतलं, आणि मी त्याच्या नावचा मेंटेनन्स भरत राहिलो. पगारपत्रकातनं नाव त्याच महिन्यात काढलं होतं. डाँगलला पगारपत्रक नसतं.

हिशेब केला: २०२१ चे ३१,५००, २०२२ चे ३३,०००, २०२३ चे ३६,०००, २०२४ चे ३९,५००. बेरीज बरोबर १,४०,०००. २०१४ ला एक सीट जेवढ्याला घेतली तेवढेच, रुपयाचाही फरक नाही. हुकलेल्या वर्षाचे दंडासह ३५,४०० वेगळे.

मालकांना अजून सांगितलेलं नाही.

आडतकट्टा (६ ऑगस्ट, रात्री ९.३२)

आधी जेवून घ्या, मंग सांगा.

डीलरबुवा (७ ऑगस्ट, सकाळी ८.४०)

सांगून टाका, आणि आजच. पाचवी सीट काढायची असेल तर रिन्यूअलच्या तारखेआधी लेखी कळवावं लागतं, करारात किती दिवस आधी ते बघा. कधी ३०, कधी ६० असतात. काही कंपन्या "सगळ्या सीट एका करारात आहेत, एक वगळता येणार नाही" म्हणतील. तिथं अडून बसा, पण एक ध्यानात ठेवा: काढलेली सीट परत मेंटेनन्सवर आणायची तर मागचं सगळं आणि दंड. कधीकधी नवी घेणं स्वस्त पडतं.

तीन वर्षांचा करार देत असाल तर पहिल्या वर्षाच्या सवलतीवर खूश होऊ नका. पुढच्या दोन वर्षांची कमाल वाढ टक्क्यांत लिहून घ्या. "प्रचलित" हा शब्द खोडून घेता आला तर सोन्याहून पिवळं.

लेखापरीक्षक परभणी (७ ऑगस्ट, सकाळी ९.१५)

तीन वर्षांचे पैसे एकदम भरणार असाल तर त्यावरचं व्याजही मोजा. ओव्हरड्राफ्टवर चालणाऱ्या कारखान्याला पाच टक्के सवलतीसाठी दोन वर्षं आधी पैसे देणं परवडतंच असं नाही. करार तीन वर्षांचा आणि पैसे वर्षाला, असं मागा.

आणि मागच्या वर्षीची नोंद तपासली का? १,९७,५०० पैकी २० ऑगस्ट ते ३१ मार्च असे २२४ दिवस गेल्या आर्थिक वर्षाचे, म्हणजे १,२१,२०५. उरलेले ७६,२९५ आगाऊ खर्चात असायला हवेत.

वाळूजचा हिशेबनीस (७ ऑगस्ट, दुपारी २.०५)

नव्हते. सगळे एकाच वर्षात टाकलेत. आता गप्प बसतो.

गोदाकाठ (७ ऑगस्ट, दुपारी ४.३०)

अवांतर: काल रात्री आमच्या वर्कशॉपातले संगणक बघितले. तिन्हीवर दहाच आहे. कॅडमास्तर, तुमचा व्यनि (व्यक्तिगत निरोप) तपासा.

वाळूजचा हिशेबनीस (२० ऑगस्ट, रात्री ८.५०)

उशिरा लिहितोय, कारण आजच सह्या झाल्या.

मालकांना ८ तारखेला सांगितलं. कोटेशन, दहा वर्षांची यादी आणि पेढ्याचा डबा, तिन्ही टेबलावर ठेवले. त्यांनी यादी दोनदा वाचली, डाँगल हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "हे एक लाख चाळीस आता कुणाकडनं घेऊ?" मी खाली बघितलं. मग म्हणाले, "२०१८ ला सही माझीच आहे, चल."

करारात नोटीस १० दिवसांची होती, म्हणजे दोन दिवस हातात होते. त्याच दिवशी ईमेल टाकला. पहिलं उत्तर डीलरबुवांनी सांगितलं तसंच आलं, सीट वगळता येणार नाही. मग मी फोन न करता यादीच पाठवली, शेवटच्या तीन ओळी ठळक करून, आणि कॅडमास्तरांचा प्रश्न विचारला: वर्गणीची योजना येतीय का? त्यावर चार दिवस शांतता. नंतर वरच्या एका बाईंचा फोन आला, आवाज एकदम मऊ. योजनेबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: ४ सीट, ४१,००० दरानं, मूळ १,६४,०००, जीएसटीसह १,९३,५२०. करार तीन वर्षांचा, पैसे दरवर्षी, वाढ जास्तीत जास्त ५ टक्के. "प्रचलित" हा शब्द या तीन वर्षांपुरता गेला. कोटेशनपेक्षा मूळ रकमेत ५३,५०० कमी. त्यातले ४३,५०० डब्यातल्या डाँगलचे आणि फक्त १०,००० घासाघिशीचे. मालक मात्र गावभर घासाघिशीचंच सांगतायत.

वही आता एक्सेलमधेच आहे. रकाने: सिरीयल नंबर, कुणाच्या टेबलावर, कुठून कुठपर्यंतचा काळ, नग, दर, मूळ रक्कम, कर, टीडीएस, आगाऊ भाग, आणि शेवटी "का बदललं" असा मोकळा रकाना. विनिमय दर आमच्या अँटिव्हायरस आणि ईमेलच्या ओळींपुरताच ठेवलाय. "कुणाच्या टेबलावर" हा रकाना दर जुलैत मी स्वतः चालत जाऊन भरायचा असं ठरलंय.

पतपेढीवाला अंबाजोगाई (२० ऑगस्ट, रात्री ९.२०)

चालत जाऊनच. फोनवर विचारलंत तर सगळे "हो, चालू आहे" म्हणतात. पाचव्या डाँगलचं काय केलं?

वाळूजचा हिशेबनीस (२० ऑगस्ट, रात्री ९.३५)

त्याच डब्यात आहे, काका. लायसन्स आपलंच आहे, जुन्या आवृत्तीवर चालतो अजून. नवं रबर लावलंय आणि वर चिठ्ठी चिकटवलीय: "क्र. ५. मेंटेनन्स बंद, २० ऑगस्ट २०२५. मला विचारल्याशिवाय चालू करू नये." तुटकी कॅलिपर भंगारात दिली.